ड्युटी चार्टमधली माणुसकी

एखाद्या आस्थापनेत कर्मचाऱ्यांना कसे वागवले जाते हे जाणून घ्यायचे असेल, तर मी तिथल्या भिंतीवरची घोषवाक्ये वाचत बसत नाही. ड्युटी चार्ट कधी लागतो एवढेच विचारते. पुढच्या पंधरवड्याच्या पाळ्या आठवडाभर आधी फलकावर लागत असतील, तर तिथल्या माणसांना घरचे काही ठरवता येते: मुलाला डॉक्टरकडे कधी न्यायचे, पतसंस्थेत हप्ता भरायला कधी जायचे, सासूबाईंना त्यांच्या माहेरी कधी पोचवायचे. उद्याची पाळी आज रात्री साडेनऊला व्हॉट्सअॅपवर कळत असेल, तर त्या माणसाच्या दिवसावर त्याचा स्वतःचा ताबा रात्री साडेनऊपासून पहाटेपर्यंतच उरतो, आणि तेवढा वेळ तो झोपलेला असतो.

माझी बहुतेक नोकरी वेर्णे आणि कुंडई इथल्या औद्योगिक वसाहतींमध्ये, कारखान्यांच्या कार्मिक विभागात झाली. शेवटची काही वर्षे किनाऱ्यावरच्या एका मोठ्या हॉटेलात. त्यामुळे कर्मचाऱ्यांच्या कल्याणाचे म्हणून जे कार्यक्रम होतात, त्यांतले कित्येक मीच आखलेले आहेत. ८ मार्चला गुलाब, २१ जूनला योग, १० ऑक्टोबरला मानसिक आरोग्यावर व्याख्यान आणि नंतर बटाटेवडा. या कार्यक्रमांची मला चीड नाही. गुलाबाने कुणाचे वाईट झाल्याचे ऐकिवात नाही. पण योगदिनाच्या सामूहिक छायाचित्रात गर्दी दिसावी म्हणून रात्रपाळी संपवून घरी निघालेल्या माणसांना तासभर थांबवून ठेवलेले मी पाहिले आहे, आणि शवासनात त्यांतले निम्मे खरोखरच झोपी गेले होते.

औषधांच्या कारखान्यातली एक गोष्ट आधी सांगते, कारण ती बाहेर फारशी कुणाला ठाऊक नसते. उत्पादन विभागात आत जायचे म्हणजे बांगड्या, टिकली, कानांतले सगळे काढायचे, चेंजरूममध्ये कपडे बदलायचे, हात धुवायचे, गाऊन चढवायचा, डोक्याला टोपी, तोंडाला मास्क, पायांत शू-कव्हर, आणि मग एअरलॉकच्या एका दाराने शिरून ते पूर्ण बंद झाल्यावरच दुसरे उघडायचे. बाथरूमला जायचे तर हेच सगळे उलट क्रमाने, आणि परत येताना पुन्हा सुलट. पाच मिनिटांच्या कामाला पंधरा-वीस मिनिटे सहज जातात, आणि तोवर लाइन काही थांबत नाही. परिणाम असा, की आत काम करणाऱ्या बायका पाणीच पीत नाहीत. सकाळी सातच्या पाळीला वाळपईकडून येणारी बाई पहाटे चारच्याही आधी उठते, घरच्यांचे डबे भरते, अंधारात कंपनीची बस पकडते, आणि दुपारी तीनपर्यंतचा वेळ दोन पेले पाण्यावर काढते. कारखान्याच्या दवाखान्यात लघवीच्या जळजळीच्या तक्रारी नित्याच्या होत्या. आठवड्यातून दोनदा येणारे डॉक्टर गोळ्या देत आणि भरपूर पाणी प्या म्हणून सांगत. सल्ला बरोबर होता. तो उत्पादन व्यवस्थापकाला द्यायला हवा होता.

एका विभागात एक सुपरवायझर बाई होत्या, फार मायाळू. कुणाच्या चेहऱ्यावरून त्यांना ओळखू येई. ‘जा गं, मी बघते’ म्हणत त्या स्वतः लाइनवर उभ्या राहत. त्यांच्या पाळीत बायका निर्धास्तपणे पाणी पीत. आठवड्याने पाळी बदलली आणि दुसरे साहेब आले, की कॅन्टीनच्या टेबलावरचे पेले पुन्हा भरलेलेच राहत. पुढे बरीच वादावादी होऊन एक साधी तजवीज झाली: दर तीन लाइनींमागे एक रिलीव्हर. तिचे काम एवढेच, की ठरलेल्या क्रमाने प्रत्येकीकडे जायचे आणि ती बाहेर जाऊन येईपर्यंत तिच्या जागी उभे राहायचे. कुणी कुणाला विनवायचे नाही, कुणी कुणाचा चेहरा वाचायचा नाही. वेळ झाली की रिलीव्हर आपण होऊन समोर येते. ज्या बैठकीत हे मंजूर झाले, तिथे या जादा माणसासाठी ‘रिकामी बाई’ असा शब्द वापरला गेला होता. ती रिकामी बाई त्या विभागात सगळ्यांत जास्त चालत असे.

त्या सुपरवायझर बाईंचे मोल मी कमी लेखत नाही. पण त्यांच्या मायेला पाळीचे वेळापत्रक होते, आणि ज्या गोष्टीशिवाय माणसाला दिवस काढता येत नाही ती गोष्ट कुणाच्या मायेवर सोडता कामा नये, एवढेच माझे म्हणणे आहे.

गोव्यात हे समजावून सांगायला खरे तर व्यवस्थापनशास्त्राची गरज नाही. भाटकार म्हणजे जमीनमालक, आणि मुंडकार म्हणजे त्याच्या जमिनीवर घर करून राहणारा; यांचे नाते ज्या घरांनी पाहिले आहे, त्यांना ते पुरते ठाऊक आहे. भाटकार पुष्कळदा दयाळू असे. मुंडकाराच्या मुलीच्या लग्नाला नारळ आणि तांदूळ देई, आजारपणात औषधपाण्याचे बघे, चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, त्याच्या मुलांच्या हातांवर काहीतरी ठेवी. पण त्या मुंडकाराला आपल्या घराच्या भिंतीत खिडकी पाडायची झाली तरी भाटकाराच्या पडवीच्या पायरीखाली उभे राहावे लागे, आणि मर्जी फिरली तर घर सोडण्याची टांगती तलवार असे. १९७५मध्ये मुंडकारांना घरातून हुसकावण्यापासून संरक्षण देणारा कायदा झाला. त्या कायद्याने एकाही भाटकाराचा स्वभाव बदलला नसेल. मुंडकाराला मात्र त्या स्वभावाचा अंदाज घेत जगण्याची गरज उरली नाही, निदान कागदावर तरी.

कारखान्याच्या वार्षिक समारंभात ‘आपली कंपनी म्हणजे एक कुटुंब आहे’ हे वाक्य आले, की मला ती पडवी दिसते. आपल्याकडचे मालक हे वाक्य मनापासून म्हणतात, ते ढोंग नसते, आणि म्हणूनच त्याला उत्तर देणे अवघड जाते. कुटुंबात जादा तासांचा हिशेब मागायचा नसतो. पगार दहा दिवस उशिरा झाला तर घरच्या माणसाने समजून घ्यायचे असते. कायद्याने जादा कामाचा दर दुप्पट ठरवला आहे. पण कुटुंबात दुप्पट दर विचारणाऱ्याला कृतघ्न म्हणतात. आजारी कामगाराच्या घरी मालक स्वतः भेटायला गेले, ही गोष्ट वर्षानुवर्षे कौतुकाने सांगितली जाते, आणि त्याच कामगाराचा ईएसआयचा, म्हणजे कामगार विम्याचा, अर्ज वेळेवर गेला होता की नाही, हे कुणालाच आठवत नाही.

मराठी माणसाला रविवारची सुट्टी कशी मिळाली ते आठवून पाहावे. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४मध्ये मुंबईत गिरणी कामगारांची संघटना उभी केली आणि आठवड्यातून एक दिवस विश्रांतीचा मागितला. गिरणीमालकांनी तो मान्य करायला १० जून १८९० उजाडावा लागला. मधल्या वर्षांत त्या मालकांमध्ये एकही भला माणूस नव्हता असे मानायचे कारण नाही. एखादा आपल्या कामगाराला नडीअडचणीला सुट्टी देतही असेल. पण अडचण सांगून मिळालेली सुट्टी आणि सगळ्यांना, न मागता, ठरलेल्या वारी मिळालेली सुट्टी यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. दुसरीत बाजारहाट ठरवता येतो, सोयरीक ठरवता येते, नाटकाची तालीम ठरवता येते.

तालमीचा उल्लेख उगाच केलेला नाही. गोव्यातल्या गावांत देवळाच्या उत्सवाला गावकऱ्यांनीच मराठी नाटक उभे करण्याची परंपरा आहे, आणि ती आजही चालू आहे. एरवी बॉयलरवर असणारा माणूस त्या रात्री संभाजी असतो. त्याआधीचा महिनाभर रोज रात्री तालमी, आणि त्याला जर तीन ते अकराची पाळी लागली, तर संभाजीविना औरंगजेबाने कुणाला दरडावायचे हा प्रश्न उभा राहतो. बाहेरून आलेल्या एका व्यवस्थापकांना हे कारण इतके हास्यास्पद वाटले होते, की त्यांनी तो अर्ज इतरांना वाचून दाखवला. अर्जदाराने पुढे रजा मागितली नाही. तो सरळ गैरहजर राहिला.

याच बाबतीत आमच्या मेन्टेनन्सच्या फोरमननी जे केले, त्याला मी आजवर पाहिलेल्या सगळ्या कल्याणकारी योजनांत वरचे स्थान देईन. ते जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात कालनिर्णय घेऊन बसत आणि खात्यातल्या प्रत्येकाला विचारत, तुझ्या गावची जत्रा कधी, काला कधी, तुझ्या वाड्यावरचे फेस्त (चर्चचा उत्सव) कधी, तू नाटकात आहेस का. शिरगावच्या लईराईची जत्रा वैशाख शुद्ध पंचमीला, म्हणजे धोंडांचे, तिच्या व्रतस्थ भक्तांचे, व्रत त्याच्या आधीचे दिवस. ते वेगळ्या शाईने. ३ डिसेंबरला जुन्या गोव्याचे फेस्त, म्हणजे त्याआधीचे नऊ दिवस नोव्हेनाचे, प्रार्थनांचे. ते तिसऱ्या शाईने. मग हिंदू कामगार नाताळात ख्रिस्ती सोबत्याच्या पाळ्या भरून काढी आणि तो चवथीला याच्या. ही देवाणघेवाण फोरमननी शोधून काढली नव्हती. ती आधीही चालत असे, पण वरच्यांच्या नकळत: हजेरीपटावर एकाचे नाव आणि यंत्रापाशी दुसराच माणूस. अशा वेळी हात सापडला असता तर भरपाई कुणाच्या नावाने मागायची, याचा विचार नको. फोरमननी एवढेच केले, की जे लपूनछपून होत होते ते वर्षाच्या आरंभी, सगळ्यांसमोर, कागदावर आणले. चवथीच्या आठवड्यात अचानक उद्भवणारी पोटदुखी त्यानंतर त्या खात्यात बरीच कमी झाली.

जे सांगता येत नाही ते लपवले जाते, आणि हे रजेपुरते राहत नाही. औषधाच्या कारखान्यात ठरलेल्या रीतीपेक्षा काहीही वेगळे घडले तर ते लिहून काढायचे असते. त्याला डेव्हिएशन म्हणतात. खोलीचे तापमान वर गेले, वजनकाट्याची तपासणी राहून गेली, काहीही. एकदा एका नव्या पोऱ्याच्या हातून लेबलांचा हिशेब जुळेना. आलेली, लावलेली, फाटलेली आणि उरलेली यांची बेरीज करता सात लेबले कमी पडत होती. सात लेबले म्हणजे चुकीच्या बाटलीवर चुकीचे नाव असण्याची सात वेळची शक्यता. आणि फाटलेल्यांत सात वाढवून लिहिले तर कुणालाही कधीही कळणार नाही, हे त्याला तिसऱ्याच दिवशी शिकवणारे सोबतीही तिथे असतात. तो सुपरवायझरकडे गेला. ‘सर, सात कमी येतात.’ सरांनी आधी घड्याळाकडे पाहिले, मग म्हणाले, ‘बरे केलेस सांगितलेस. लाइन थांबव.’ पाच लेबले कन्व्हेयरखालच्या पट्टीला चिकटलेली सापडली, दोन एका कामगाराच्या बुटाच्या तळाशी. उत्पादन दीड तास थांबले. त्या सरांना वरून काय ऐकावे लागले ते मला ठाऊक आहे, कारण ते माझ्यासमोरच ऐकवले गेले. पण त्या विभागात पुढे लेबले कमी पडली की माणसे बोलत असत.

हार्वर्डच्या प्राध्यापक एमी एडमंडसन यांनी १९९०च्या दशकात रुग्णालयांतल्या परिचारिकांच्या गटांचा अभ्यास केला, तेव्हा त्यांना चक्रावून टाकणारी गोष्ट दिसली होती. ज्या गटांचे आपसांतले संबंध चांगले, त्यांच्याच नावावर औषध देण्यातल्या चुका जास्त नोंदल्या गेल्या होत्या. खोलात गेल्यावर उलगडा झाला, की तिथे चुका सांगितल्या जात होत्या, एवढाच फरक होता. जिथे परिचारिका प्रमुखांना घाबरत, तिथली वही कोरी होती. आमच्याकडे ज्या विभागाच्या नोंदवहीत महिनोन्महिने एकही डेव्हिएशन नसे, त्याचे व्यवस्थापक बैठकीत ताठ बसत. मुरलेले क्वालिटीवाले मात्र तपासणीला आधी त्याच विभागात शिरत. मेमोच्या धाकाने माणसे शिस्तीत राहतात असे ज्यांना वाटते, त्यांनी ती कोरी वही एकदा नीट वाचावी.

बसण्याबद्दलही दोन शब्द. १९४८च्या कारखाना कायद्यात कलम ४४ होते: ज्यांना उभ्याने काम करावे लागते, त्यांना मिळेल तेव्हा टेकता यावे म्हणून बसण्याची सोय करावी. स्वातंत्र्यानंतर साधारण वर्षभराने, देशापुढे हजार प्रश्न असताना, कुणीतरी कामगाराच्या पायांचा विचार करून हे कलम लिहिले, याचे मला नेहमी अप्रूप वाटत आले आहे. हे कलम कारखान्यांपुरते होते. कापडाच्या दुकानांतल्या मुली दहा-दहा तास उभ्याच राहिल्या. केरळात कोळिकोडच्या दुकानांतल्या स्त्रियांनी त्यासाठी वर्षानुवर्षे लढा दिला आणि २०१८मध्ये तिथला कायदा बदलून बसण्याचा हक्क पदरात पाडून घेतला. २०२१मध्ये तामिळनाडूने तो कित्ता गिरवला. हॉटेलात असताना फ्रंट ऑफिसच्या मुलींसाठी दोन उंच स्टुले मागितली, तेव्हा पाहुण्यांना ते अनादराचे वाटेल असे मला सांगण्यात आले होते. शेवटी स्टुले आली. एकाही पाहुण्याने तक्रार केली नाही. बहुतेकांना दिसलीच नसावीत.

हॉटेलातला खरा छळ स्टुलाचा नसतो, तासांचा असतो. ऑक्टोबर ते मार्च हा हंगाम. त्यात नाताळ ते नववर्ष हा आठवडा असा, की घड्याळ बघायचे नाही असेच सगळ्यांनी मानलेले असते. एरवीही रेस्टॉरंटच्या पोरांना ब्रेक शिफ्ट लागते: सकाळी सात ते अकरा, मग संध्याकाळी सहा ते रात्री अकरा किंवा शेवटचा पाहुणा उठेपर्यंत. कागदावर नऊ तास. मधले सात तास त्याचे स्वतःचे, असे हिशेब सांगतो. पण त्याची खोली गिरी गावाच्या पलीकडे, जाऊन येऊन दीड तास, म्हणून तो लॉकररूममधल्या बाकाखाली पुठ्ठा अंथरून पडतो. त्याचा दिवस सकाळी सहाला सुरू होऊन मध्यरात्री संपतो, आणि हजेरीयंत्राला त्यातले निम्मेच दिसते. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी २०२१मध्ये मांडलेल्या अभ्यासानुसार, आठवड्याला ५५ किंवा अधिक तास काम करणाऱ्याला, ३५ ते ४० तास काम करणाऱ्याच्या तुलनेत, पक्षाघाताचा धोका ३५ टक्क्यांनी आणि हृदयविकाराने मृत्यू येण्याचा धोका १७ टक्क्यांनी अधिक असतो. २०१६ या एकाच वर्षात अशा लांब तासांपायी जगभरात सुमारे ७ लाख ४५ हजार माणसे दगावली. आमच्या कायद्याची मर्यादा आठवड्याला ४८ तासांची आहे. हंगामातला एखादा वेटर ती गुरुवारीच ओलांडतो.

गंमत अशी, की याच गोव्यात म्हापशाचा, मडगावचा जुना दुकानदार दुपारी एक वाजता फळी लावून घरी जातो तो साडेतीन-चारला परततो. पर्यटक त्याला नावे ठेवतात. पण त्या बंद फळीमागे त्याचा नोकरही घरी जाऊन गरम आमटी-भात जेवतो आणि तासभर आडवा होतो, आणि त्यासाठी त्याला कुणाचे आभार मानावे लागत नाहीत, कारण सगळा बाजारच बंद असतो. मॉलमधल्या त्याच्या मुलीला ही दुपार नाही.

कामाने शिणलेल्या माणसाला आजकाल समुपदेशकाकडे पाठवतात. पाठवावेच. २०१९मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या रोगांच्या वर्गीकरणात बर्नआउटचा समावेश केला तो आजार म्हणून नव्हे; कामाच्या ठिकाणच्या दीर्घकाळ न हाताळलेल्या ताणातून उद्भवणारी अवस्था म्हणून. अर्थात समुपदेशनानंतर तो माणूस त्याच ब्रेक शिफ्टला परतणार असेल, तर तासाभराच्या मोकळ्या बोलण्याचा उपयोग किती, हा प्रश्न राहतोच. तरीही बोलायला कुणी असणे ही लहान गोष्ट नाही, आणि या बाबतीत गोव्याने जगाला एक चांगला धडा दिलेला आहे. १९९६मध्ये इथे सुरू झालेल्या ‘संगाथ’ या संस्थेने आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांतून असे दाखवून दिले, की नैराश्याने ग्रासलेल्या माणसाला मदत करायला दर वेळी मानसोपचारतज्ज्ञच हवा असे नाही. नीट प्रशिक्षण आणि देखरेख मिळाली तर मानसशास्त्राची पदवी नसलेला स्थानिक माणूसही ते काम करू शकतो. त्यांचे निष्कर्ष २०१० आणि २०१७मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. सहा ते आठ भेटी, प्रत्येक अर्ध्या-पाऊण तासाची. त्यात उपदेश कमी, आणि सुटून गेलेली रोजची कामे, चालणे, माणसांत जाणे हे एकेक करून पुन्हा सुरू करण्यावर भर.

हे वाचल्यावर आम्ही कारखान्यात काही कामगारांनाच ऐकून घेण्याचे प्राथमिक शिक्षण दिले. त्यात एक अट मी हट्टाने घातली होती: ऐकणारा माणूस सांगणाऱ्याच्या साखळीतला वरिष्ठ असता कामा नये, आणि कार्मिक विभागातला तर मुळीच नसावा. ज्याच्या सहीने पगारवाढ अडते त्याच्यापाशी कुणी दारूचे किंवा घरातल्या भांडणाचे बोलत नाही. मी कितीही गोड बोलले तरी माझ्या टेबलाच्या खणात त्यांची सेवापुस्तके होती. सगळ्यांत जास्त माणसे ज्याच्याकडे गेली तो फोर्कलिफ्ट चालवणारा होता. त्याला जे झेपण्यापलीकडचे वाटे, त्याला तो बांबोळीला मनोरुग्णालयात घेऊन जाई, आणि तो वेळ कामाचा धरला जाई. या शेवटच्या कलमावर लेखा विभागाची सही मिळवायला जितके दिवस गेले, तितके बाकी सगळे उभारायला गेले नाहीत.

मात्र यातले पुष्कळसे कायम कामगारांपुरतेच राहिले. आपल्या वसाहतींमधले काम मोठ्या प्रमाणावर कंत्राटदारांच्या माणसांवर चालते, आणि त्यांच्यासाठी रिलीव्हर होती, पण फोरमनचा तक्ता नव्हता. कॅन्टीन होते, पण कुपनाचा रंग वेगळा आणि दरही वेगळा. दोन बायका एकाच लाइनवर, एकाच यंत्राच्या दोन बाजूंना, एकीला बस आणि दुसरी नाक्यावर हात दाखवत उभी. कायदा डोकी मोजून सोयी देतो, आणि कुणाची डोकी मोजायची यावरच सगळी कारागिरी चालते. १९४८च्या कायद्याने २५०हून अधिक कामगार असतील तिथे कॅन्टीनची सक्ती करता येत होती, तर वर्षानुवर्षे २४८वर अडकलेल्या कारखान्यांचे विनोद आमच्या खात्यात प्रचलित होते. त्या कायद्याच्या जागी आलेल्या २०२०च्या कामगार सुरक्षा संहितेने कॅन्टीनची अट १०० कामगारांवर आणली आणि त्या मोजणीत कंत्राटी कामगारही स्पष्ट शब्दांत धरले, हे बरे झाले. कुपनाच्या रंगाबद्दल मात्र संहितेत काही नाही.

माझ्या भाच्याचे पर्वरीला सॉफ्टवेअरचे लहानसे कार्यालय आहे, पंधरा-वीस मुलेमुली. मी निवृत्त झाल्यावर त्याने मला बोलावून घेतले, ‘मावशी, आमच्याकडे काय करता येईल ते सांग.’ मी सांगितलेल्या बहुतेक गोष्टी त्याने लगेच केल्या, कारण त्यांना पैसे लागत नव्हते. रात्री आठनंतर गटावर निरोप टाकायचा नाही. तातडीचे असेल तर त्या आठवड्याच्या पाळीवर असलेल्या एकालाच फोन, आणि त्याला दुसऱ्या दिवशी उशिरा यायची मुभा. चतुर्थीची रजा जूनमध्येच ठरवायची. बाळंतपणाच्या रजेवर असलेल्या मुलीला कामाचा फोन जाणार नाही हे लेखी. अडले ते एका कागदावर. त्याच्या रजेच्या अर्जात कारणाचा रकाना आहे, आणि तो काढून टाक, असे मी म्हटले. नोकरीत असताना त्या रकान्यात मी एकेकाच्या चार-चार आज्या वारलेल्या पाहिल्या आहेत. वर्षाच्या ठरलेल्या रजा माणसाच्या हक्काच्या असतील, तर त्या कशासाठी घेतल्या हे सांगण्याची सक्ती म्हणजे त्याला खोटे बोलायला लावणेच.

‘अगं, पण मला कळायला नको का?’ तो म्हणाला. ‘कुणाच्या घरी खरंच अडचण असेल तर मी मदत करू शकतो.’

‘त्याला मदत हवी असेल तर तो येऊन सांगेल.’

‘आणि नाही सांगितलं तर?’

‘तर तो तुझा प्रश्न नाही.’

त्याला हे तुटकपणाचे वाटते. आपल्या मुलांशी आपले नाते तसे नाही, असे तो म्हणतो, आणि ते खरेही आहे. मुले त्याच्यावर जीव टाकतात. रकाना अजून आहे. गेल्या खेपेला गेले तेव्हा त्याने तडजोड म्हणून त्याखाली बारीक अक्षरांत ‘ऐच्छिक’ असे छापून घेतलेले दिसले. मी त्या महिन्याचे अर्ज चाळले. एकूण एक अर्जात तो भरलेला होता.